ओसरीवरचं बर्लिन

आमच्या घरी रेडिओ आला तो माझ्यापेक्षा जास्त मानाने आला. मी वर्षभर आधी लग्न होऊन धुळ्याहून कळसाडीला आले होते. मला दारात एकदाच ओवाळलं. रेडिओला दोनदा ओवाळलं, कारण पहिल्या वेळी हेडमास्तर पोचले नव्हते, आणि त्यांच्याशिवाय झालेलं कुठलंही कार्य आमच्या सासऱ्यांना लागू वाटत नसे. नंदुरबार स्टेशनावरून तो आमच्याच लॉरीतून आला, सरकीच्या पोत्यांच्या मधोमध, माझ्या रुखवतातल्या गोधडीत गुंडाळून. ती गोधडी मला परत मिळाली नाही. सेटला गारठा बाधतो म्हणून ती कायमची त्याचीच झाली.

लॉरी चालवणारा आमच्याच भाऊबंदांतला होता, नात्याने दूरचा, लहानशा शेताचा धनी. त्यानेच तो खोका पोटाशी धरून ओसरीवर ठेवला. पुढे हाच माणूस लढाईवर गेला आणि नाहीसा झाला. तो जिवंत आहे की मेला, त्याच्या बायकोने कुंकू लावायचं की पुसायचं, हा प्रश्न शेवटी या खोक्यापाशी येऊन अडला. म्हणून तर ही हकिगत. नाहीतर पैसेवाल्याच्या घरी रेडिओ होता, यात सांगण्यासारखं काय आहे?

सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणे. गावचे पोलीस पाटील, गोमाईकाठच्या काळ्या जमिनीचे मालक आणि रावसाहेबकीच्या सरकारी किताबाचे उमेदवार. ही उमेदवारी त्यांना कोणी दिली नव्हती, त्यांनीच घेतली होती. प्रांतसाहेब तोरणमाळकडे शिकारीला निघाला की आबांचे बैल, आबांचे गडी, आबांचं तूप पुढे जाई. आमच्या घरात कोंबडी शिजत नसे, पण साहेबाची कोंबडी गोठ्यामागे शिजे आणि सगळं घर वास न आल्यासारखं करी. शहाद्याच्या एका मारवाडी शेटजीकडे रेडिओ आल्याचं कळलं तेव्हा आबांचं जेवणावरचं लक्ष उडालं. शेटजीला मुंबईचे कापसाचे भाव ऐकायचे होते, ते त्याच्या धंद्याचं होतं. आबांना काय ऐकायचं होतं ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. शेटजी ऐकतो आणि आपण ऐकत नाही, एवढं कारण त्यांना पुरलं.

सेट लाकडी होता, देवघराएवढा. पुढे काचेची पट्टी, तिच्यावर इंग्रजीत साऱ्या जगातल्या गावांची नावं, आणि एक जाडजूड बटण, ज्याला आबांखेरीज कोणी हात लावायचा नाही. गावात वीज नव्हती, म्हणून सेट दोन बॅटऱ्यांवर चाले. एक कोरडी, ती संपली की मुंबईहून नवी आणायची. दुसरी ओली, तेजाबाची, ती शहाद्याच्या कापसाच्या जिनात इंजिनावर चार्ज करून आणायची. हे ओल्या बॅटरीचं खातं आमच्या ह्यांच्याकडे होतं. ह्यांनी आयुष्यात दुसरं कुठलं खातं सांभाळलं नाही, पण हे निष्ठेने सांभाळलं. मांडीवर बॅटरी घेऊन बैलगाडीत बसून जायचे आणि मांडीवर घेऊन यायचे. गाडी हिंदकळली की तेजाब सांडे. ह्यांच्या एकूण एक धोतराला भोकं होती आणि ती मी रफू करत बसे. लग्नात मला सांगितलं होतं की मुलगा व्यापारात लक्ष घालतो.

आकाशातली तार बांधायला धडगावच्या बाजूच्या डोंगरातून दोन उंच बांबू मागवले. घेऊन आलेल्या पावरा गड्यांनीच ते उभे करून दिले आणि विचारलं, होळी कधी? काठी गावच्या होळीला याहून उंच बांबू ते स्वतः वाहून नेत, त्यामुळे आमच्या बांबूंचं त्यांना काही अप्रूप नव्हतं. हा पेटवायचा नाही, याच्यावर तार बांधून लांबची माणसं बोललेली ऐकायची, असं आबांनी समजावून सांगितलं. दोघं एकमेकांकडे बघून हसले, भाकरी खाल्ली आणि डोंगराकडे निघून गेले. मला वाटतं, त्या दिवशी आमच्या अंगणात शहाणी माणसं तेवढीच दोन होती.

पण खरी करामत जमिनीतल्या तारेची. ती तांब्याच्या पत्र्याला बांधून, कोळसा आणि मीठ घालून पुरायची आणि ती जागा सदा ओली ठेवायची, म्हणजे आवाज स्वच्छ येतो. सदा ओली जागा आमच्या घरात एकच, मागची न्हाणी. पत्रा तिथे पुरला आणि रेडिओ सुरेख वाजू लागला. मग कोणाच्या तरी डोक्यात किडा वळवळला. बायका चौथ्या दिवशी न्हातात, ते पाणी त्याच पत्र्यावर जातं. मग विटाळ तारेतून वर चढत असणार, सेटमध्ये शिरत असणार, आणि त्याच सेटमधून सकाळचं भजन बाहेर पडतं! ओसरीवर यावर गंभीर खल झाला. मास्तरांनी निर्वाळा दिला की विजेला विटाळ नसतो पण पाण्याला असतो, तेव्हा प्रश्न नाजूक आहे. शेवटी पत्रा उकरून गोठ्यात पुरला. गोमूत्राने ओलही राहील आणि शुद्धीही होईल, असा दुहेरी फायदा काढला होता. त्याच आठवड्यात एका बैलाच्या शिंगात तार अडकली आणि त्याने ती अशी ओढली की सेट मेजावरून निघाला. तो आमच्या ह्यांनी छातीवर झेलला. दुसऱ्या दिवशी पत्रा गुपचूप न्हाणीत परत आला आणि विटाळाचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. मुंबई, लंडन, दिल्ली, सगळी आम्हा बायकांच्या न्हाण्याच्या पाण्यावर बोलत होती, आणि त्याबद्दल आमचे आभार मात्र कोणी मानले नाहीत.

संध्याकाळी दिवे लागले की ओसरीवर दरबार भरे. आबांना या सगळ्याची चटक लागली होती, हे मी नाकारणार नाही. ते बटण केसाएवढं फिरवत, डोळे मिटत, मान वाकडी करत, आणि लांबचं एखादं स्टेशन हाती लागलं की मासा गळाला लागल्यासारखे ताठ बसत. त्यात काय बोलतात ते कळण्याची गरज नव्हती. जितकं कळत नाही तितकं स्टेशन लांबचं, आणि जितकं लांबचं तितकी आबांची शिकार मोठी. मधूनच कुई निघे, शिट्टी निघे, कोणी दाणे पाखडावेत तशी खरखर होई. भजनाच्या मध्येच कुठलीशी परकी बाई गाऊ लागे, आणि दोघांचा मेळ बसला की तेही ओसरी माना डोलावून ऐके. कधी कधी नुसतीच टिकटिक येई, थांबून थांबून. मास्तर हात वर करून सगळ्यांना गप्प करत, ऐकल्यासारखं करत आणि म्हणत, "बोट बुडाली एक."

कोणाची बोट, कुठल्या समुद्रात, हे विचारायची पद्धत नव्हती. मास्तर इंग्रजी शिकलेले होते.

एकदा तर रेडिओतून मशीनगन ऐकू आली. फट्‌फट्‌फट्‌फट्, अगदी ताल धरून. मास्तर म्हणाले, ही लढाई चालू असतानाच आपण ऐकतो आहोत, असा योग जगात फार थोड्यांना येतो. लढाई जाहीर व्हायची होती तेव्हा. पण ही मशीनगन रोज त्याच सुमाराला चाले, आणि त्याच सुमाराला वेशीपाशी शहाद्याची सर्व्हिस मोटार इंजिन चालू ठेवून उतारूंची वाट बघत उभी असे. मोटार निघून गेली की लढाई थांबे. माजघरात बसलेल्या आम्हा सगळ्यांना हे ठाऊक होतं. ओसरीवर कोणाला ठाऊक नव्हतं, आणि आम्हाला कोणी विचारलं नाही.

आम्ही माजघरात ऐकत असू ते असं. सेट माजघराच्या भिंतीला टेकून होता आणि भिंतीत एक झरोका होता. आम्ही डाळ निवडत, वाती वळत तिथे बसायचो. बायका रेडिओ ऐकत नाहीत असं ओसरीचं ठाम मत होतं, त्यामुळे आम्हाला कोणी हटकलं नाही.

मग खरीच लढाई लागली. सरकारला माणसं हवी होती, मोटार चालवता येणारी तर विशेषच. आबांनी हिशेब केला की जो माणसं देईल त्याला रावसाहेबकी देतील. त्यांनी गावातून माणसं दिली. स्वतःचा मुलगा दिला नाही, त्याच्याकडे बॅटरीचं खातं होतं. लॉरीवाला दिला. "सरकारनी चाकरी शे, पोटभर खाशी, जग देखशी," असं त्याला ओसरीवर बसवून सांगितलं, आणि तो बिचारा आबांचा शब्द मोडायचा कसा म्हणून गेला. त्याची बायको, जिला गाव मोटारवाली म्हणे, वेशीपर्यंत गेली आणि परत येऊन सासूबाईंपाशी बसली. तिला मूलबाळ नव्हतं. त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी आमच्या माजघरात डाळ निवडायला येऊ लागली. आमच्याकडे एवढी डाळ नव्हती. सासूबाई निवडलेली डाळच पुन्हा तिच्यापुढे ओतत, आणि मला डोळ्यांनी दटावत, की बोलू नको.

सासूबाईंना आम्ही माय म्हणायचो. गावात त्यांचा दरारा आबांहून जास्त होता, फक्त तो माजघराच्या उंबऱ्यापाशी थांबे.

लढाईबरोबर हुकूमही आला. शत्रूचा रेडिओ ऐकून त्यातल्या बातम्या पसरवील त्याची खबर पोलीस पाटलाने वर द्यावी. पोलीस पाटील आबा. गावात रेडिओ एकच, तोही आबांचा. आबांनी चावडीवर हुकूम मोठ्याने वाचून दाखवला आणि गावाला ताकीद दिली. संध्याकाळी ओसरीचं दार लावून घेतलं, फटीत पोतं कोंबलं आणि बर्लिन लावलं. बर्लिनहून हिंदुस्थानीत बातम्या येत. इंग्रजाचं काय काय बुडालं ते ऐकायला ओसरीला फार गोड लागे. सकाळी हेच लोक कचेरीच्या शिपायासमोर सरकारचा जय व्हावा म्हणत. मला वाटतं, माणूस दोन बॅटऱ्यांवर चालतो हे मी तिथेच शिकले.

वाळवंटात कुठेतरी मोठी लढाई झाली आणि लॉरीवाला बेपत्ता असल्याचं सरकारी पत्र आलं. मेला नव्हे, बेपत्ता. मास्तरांनी वरचं नाव न बघताच तेवढा शब्द वाचला आणि सांगितलं की सरकार सभ्यपणे असं लिहितं, अर्थ तोच. मोटारवालीच्या थोरल्या दिराला हा अर्थ लगेच पटला. भाऊ गेला, तर त्याचं शेत आणि शेतातली विहीर दिराकडे येणार होती. वर्ष होत आलं तसा त्याने लकडा लावला. "मरेल मानूसनी वाट कितला दिन देखानी? क्रियाकर्म व्हऊ द्या. बाईनं कपाय मोकळं व्हऊ द्या." भाऊबंदांची बैठक ठरली. पंच आबा. बैठकीत एकदा ठरलं, की बाईच्या बांगड्या फुटणार, कुंकू पुसणार, आणि मग दोन वेळच्या भाकरीसाठी ती दिराच्या दारात राहणार. ती रोज संध्याकाळी येतच होती. झरोक्याखालची जागा कोणी घेतली तर त्या बाईला सरकायला सांगे.

ती कशासाठी कान लावून बसे ते आता सांगते. बर्लिनवाले अधूनमधून कैद झालेल्या हिंदी शिपायांची नावं वाचत. नाव, काम, जिल्हा, की पुढच्या शिपायाचं नाव. घरच्यांना कळावं म्हणून, आणि अर्थात घरच्यांनी त्यापायी बर्लिन ऐकावं म्हणून. ओसरीला या नावांचा कंटाळा. आबा त्या वेळात पान लावून घेत.

आता मोटारवालीच्या नवऱ्याच्या नावाची गंमत. थोरल्या भावानंतरची भावंडं जगली नव्हती, म्हणून तो जन्मल्यावर त्याला उकिरड्यावर ठेवून उचलला आणि यमाला किळस यावी असं नाव ठेवलं. गाव त्याला त्याच नावाने हाक मारी. यमाला किळस आली की नाही ठाऊक नाही, लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांना मात्र आली. त्यांनी भटजीकडून पंचांगातलं एक भारदस्त नाव काढून घेतलं. ते बोहल्यावर एकदा पुकारलं गेलं आणि बाप्यांनी ते तिथेच अक्षतांबरोबर सोडून दिलं. त्यानंतर ते नाव कुठे ऐकू येई? फक्त उखाण्यात. नवऱ्याचं नाव बायकोने घ्यायचं नाही, घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं. घ्यायचं ते हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला, चार बायकांनी "नाव घे व माय, नाव घे" म्हणून गराडा घातल्यावर, दोन ओळींत गुंफून. गावातल्या कितीतरी बाप्यांची खरी नावं अशी आम्हा बायकांच्याच जिभेवर जिवंत होती. ओसरीला ती ठाऊक नव्हती, कारण ओसरी हळदीकुंकवाला येत नसे. आणि भरतीच्या ऑफिसात लॉरीवाल्याने हे भारदस्त नावच सांगितलं होतं. साहेबासमोर उकिरड्याचं नाव कसं सांगायचं म्हणून तो हसला होता, असं मोटारवाली सांगे.

बैठक दोन-तीन दिवसांवर आली होती. संध्याकाळी बर्लिन लागलं. आवाज स्वच्छ होता, मधूनच लाटेसारखा खाली जाई आणि वर येई. नावं सुरू झाली. पंजाबचे, मद्रासचे, साताऱ्याचे. मग एक नाव आलं. ड्रायव्हर. जिल्हा पश्चिम खानदेश.

माजघरात सगळ्यांचे हात थांबले. ते नाव आम्ही किती वेळा टाळ्या वाजवून ऐकलं होतं! मोटारवालीचं सूप मांडीवरून घसरलं आणि डाळ सांडली. तिने माझा दंड धरला तो इतका घट्ट की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता.  तिचा चेहरा मी पाहिला, आणि मला हसूही येत होतं आणि रडूही. मी तिला तिथेच मिठी मारली.

भिंतीपलीकडून मास्तरांचा आवाज आला, "खानदेश म्हणाले, नाही का? भुसावळचा असेल कोणी. तिकडे नावं अशी भारी असतात." भुसावळ पूर्व खानदेशात. शाळेत भूगोलही तेच शिकवत.

आबा जेवायला आत आले तेव्हा मायने त्यांना सांगितलं. नवरा तिचा नव्हता, म्हणून नाव घ्यायला तिला अडचण नव्हती. तिने ते स्पष्ट घेतलं आणि म्हणाली, तो जिवंत आहे, आत्ताच सगळ्यांनी ऐकलं, उद्या भाऊबंदांना सांगा. आबांचा घास हातात राहिला. मला आधी वाटलं, आनंद झाला. आबा पाणी प्यायले, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "आज बॅटरी बठेल व्हती. काहीच वाजनं नही."

आबा असं म्हणत असताना आमचे हे शेजारच्या पाटावर बसले होते. त्याच सकाळी ते शहाद्याहून भरलेली बॅटरी घेऊन आले होते. ह्यांनी भातात तूप कालवलं. बॅटरीच्या खात्याचा मालक बॅटरीबद्दलही बोलला नाही.

आबांचं गणित मला कळत होतं. ऐकलं म्हणावं, तर पोलीस पाटलानेच बर्लिन ऐकलं असं होतं. रावसाहेबकी तर जातीच, पाटीलकीवरही बालंट. नाही ऐकलं म्हणावं, तर एक बाई जिवंत नवऱ्याच्या नावाने बांगड्या फोडणार, एवढंच. आबांनी दोन्ही पारडी तोलली आणि त्यांना बाईचं पारडं हलकं वाटलं. ज्याला स्वतः गोड बोलून लढाईवर धाडलं, त्यालाच ते घरात बसून मारायला निघाले होते. मला तेव्हा त्यांचा फार राग आला. त्यांना जाऊन आता कितीतरी वर्षं झाली, दरवर्षी मी त्यांना पितरांत जेवू घालते, आणि तो राग अजून गेलेला नाही.

बैठक आमच्याच ओसरीवर, सकाळी. सेटवर माझी गोधडी पांघरलेली. मध्ये आबा, शेजारी मास्तर, समोर भाऊबंद. मोटारवाली दाराशी पदर ओढून बसली होती, आम्ही बायका दाराआड. दिराने आपलं म्हणणं मांडलं. मास्तरांनी बेपत्ता या शब्दाचा अर्थ पुन्हा सांगितला. आबांनी, फार दुःख होतंय अशा आवाजात, क्रियाकर्माला दिवस कुठला बरा ते विचारलं. आणि मोटारवाली उभी राहिली.

"त्या जित्ता शेतस," ती म्हणाली. "बर्लिनवालानी त्यासनं नाव लिधं. मी मन्हा कानघाई ऐकं."

ओसरीवर कोणी खोकलं, कोणी पागोटं सारखं केलं. बर्लिन हा शब्द या ओसरीवर दिवसाउजेडी पहिल्यांदाच उच्चारला गेला होता. दीर हसला. बाईचे कान वाजतात, म्हणाला. कोणतं नाव घेतलं? आमच्या भावाचं नाव तर अख्ख्या गावाला ठाऊक आहे, ते रेडिओवर घेण्यासारखं आहे का?

यावर दोन-चार जण हसले.  आत कोणीतरी हळूच म्हणालं, नाव घे व माय. त्या क्षणी कुठला उखाणा सुचणार? तिने डोक्यावरचा पदर हाताने घट्ट धरला आणि नवऱ्याचं नाव सरळ, कोरडं, एखाद्या परक्या माणसाचं घ्यावं तसं घेतलं. मग त्याच्या बापाचं घेतलं, मग आडनाव. सगळ्या बाप्यांसमोर.

म्हातारे भाऊबंद दचकले. दीर तर उभाच राहिला. "नाव लिधं! नाव लिधं तं आयुष्य कमी व्हस, हाई बी समजत नही का तुले?"

"तुम्हीन तं त्यासले मारीच टाकं," ती म्हणाली. "आते आखो काय कमी व्हई?"

 मग एका म्हाताऱ्याने आबांकडे वळून विचारलं, पाटील, रेडिओ तुमचा आहे, तुम्ही सांगा. आबांनी घसा साफ केला. त्या दिवशी बॅटरी बसली होती, ते म्हणाले. आणि आपल्या घरी सरकारी बातम्यांखेरीज काही ऐकत नाहीत.

तेवढ्यात माय उंबरा ओलांडून ओसरीवर आली. लग्न होऊन आल्यापासून ती बाप्यांच्या बैठकीत कधी आली नव्हती. आबा आतल्या दाराकडे हात करून म्हणाले, "मझार जाय." ती गेली नाही.

"रेडू चालू व्हता," ती म्हणाली. "मी ऐकं. मन्ही सुननी ऐकं. आनि यासनी बी ऐकं." आणि तिने आबांकडे बोट केलं.

मी दाराआडूनच "हो, मीही ऐकलं" म्हणाले. माझ्या मागून बाकीच्याही म्हणाल्या. आमच्यातली एक त्या संध्याकाळी आमच्याकडे आलेलीसुद्धा नव्हती, पण तिने सगळ्यात मोठ्याने सांगितलं. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. नाव घेतलं गेलंय, चार बायका सांगतायत, तेव्हा थांबावं, असं ठरलं. बांगड्या राहिल्या. दीर पायताण घालून तरातरा निघून गेला, आणि शहाद्याला पोचायला त्याला फार वेळ लागला नसावा, कारण फौजदार दुसऱ्याच दिवशी आले.

फौजदारांनी चहा घेतला, हुकूम वाचला, सेट जप्त केला. तो कोणा साहेबाच्या बंगल्यावर जाऊन पडला. थोड्या दिवसांनी तिथून निरोप आला की बॅटरी बसली आहे, ती चार्ज कुठे करतात, आणि बर्लिन नीट का लागत नाही? आमचे हे आनंदाने जाऊन दोन्ही कामं करून आले. रावसाहेबकी शहाद्याच्या शेटजीला मिळाली. आबा मायशी बरेच दिवस बोलले नाहीत, आणि घरात इतकी शांतता मी पूर्वी कधी अनुभवली नव्हती. माय म्हणे, रेडिओ जाऊन सुख झालं, दोन्ही अर्थांनी कान मोकळे झाले.

पुढे कैदी म्हणून लॉरीवाल्याचं कार्ड आलं आणि लढाई संपल्यावर तो स्वतः आला. वाळून कोळ झाला होता, पण हातपाय शाबूत. त्याला पहिल्यांदा कुठे नेलं असेल? आमच्या ओसरीवर. आबांनी त्याला शेजारी बसवून घेतलं. आम्ही बर्लिन लावून बसत होतो म्हणून तुझा पत्ता लागला, सरकारची सुद्धा भीती बाळगली नाही, असं आबांनी सांगितलं. आता सरकार जायच्या बेतात होतं, त्यामुळे ही हकिगत मोठ्याने सांगायची सोय झाली होती. मास्तर म्हणाले, नाव ऐकताक्षणी मी खानदेश ओळखलं. दीरही मान डोलावत होता. लॉरीवाला भोळा, तो एकेकाच्या पाया पडला. त्याने मध्येच विचारलं, पण ते नाव तर इथे कोणालाच माहीत नव्हतं, मग ओळखलं कोणी? आबांनी पानाचा डबा पुढे केला.

मोटारवाली माजघरात चहाचे पेले भरत होती. मी तिला म्हटलं, जा, बाहेर जाऊन सांग, की त्या दिवशी तूच सगळ्यांसमोर नाव घेतलंस. ती माझ्याकडे पाहून हसली आणि पदर पुढे ओढून घेतला. "कोनतं नाव, वहिनी?" ती म्हणाली. नवरा जिवंत परत आला होता, आणि त्याचं नाव घ्यायचा तिचा हक्क संपला होता.